कार्ड हातात, फाइल कुणाकडे?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांवरून वाद पेटला की दोन्ही बाजूंची वाक्ये पाठ केल्यासारखी येतात. एक बाजू म्हणते, सरकारी रुग्णालय म्हणजे रांगा. सैनिकाच्या हातात कार्ड द्या आणि त्याला हव्या त्या डॉक्टरकडे जाऊ द्या. दुसरी म्हणते, हा सगळा खासगीकरणाचा डाव आहे. २०२५ मध्ये तिथल्या माजी सैनिक खात्यातल्या (सगळे त्याला ‘व्हीए’ म्हणतात) सुमारे ८०,००० नोकऱ्या कमी करण्याचा बेत बाहेर आला, जुलैत तो आकडा जवळपास ३०,००० वर उतरला, आणि तेच शब्द पुन्हा एकमेकांच्या अंगावर फेकले गेले. आपल्याकडेही ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) हेलपाट्यांना कंटाळलेले माजी सैनिक ‘दवाखाने राहू द्या, सरळ विमा काढून द्या’ असे अधूनमधून म्हणतातच. तेव्हा हा वाद लांबून पाहण्याची चैन आपल्यालाही नाही.

दोन्ही बाजूंनी प्रश्न मालकीचा धरला आहे आणि तिथेच वाद भरकटला आहे. इमारत कुणाची, डॉक्टरचा पगार कोण देतो, याने जखमी माणसाला फारसा फरक पडत नाही. गोळी लागलेल्या दिवसापासून शेवटच्या आजारपणापर्यंत त्याची संपूर्ण फाइल एका जागी राहते का, आणि काही बिघडले तर ‘आमचे चुकले’ म्हणायला एकच संस्था बांधील आहे का, याने मात्र पडतो. व्हीएची खरी मिळकत ती आहे. बाहेरून उपचार विकत घेणे गैर नाही, काही बाबतीत तेच शहाणपणाचे आहे. पण तुकड्या-तुकड्याने विकत घेतलेल्या उपचारांची बेरीज म्हणजे रुग्णालय, हा समज चुकीचा आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा व्हीएच्या स्वतःच्या रुग्णालयांच्याच पिशवीतून निघत असल्यामुळे तो घातकही आहे.

वाद किती ढिसाळ चालतो याचा एक नमुना. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात जखमी सैनिकांना बुरशी धरलेल्या खोल्यांत ठेवल्याचे उघड झाले. आजही ‘व्हीएची लाज’ म्हणून ते प्रकरण पुढे केले जाते. वॉल्टर रीड लष्कराचे होते, संरक्षण खात्याखालचे; व्हीएचा त्याच्याशी संबंध नव्हता. सेवेत असलेल्या सैनिकाचे रुग्णालय आणि निवृत्ताचे रुग्णालय या तिथे दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, एवढेही ज्याला ठाऊक नाही तो सुधारणा कशाची सुचवणार?

इतिहासही असाच अर्धा सांगितला जातो. ३ मार्च १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत आले असताना, लिंकनने अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयस्थान उभारण्याच्या कायद्यावर सही केली. पहिले केंद्र मेन राज्यातल्या टोगस इथे १८६६ मध्ये सुरू झाले, झऱ्याच्या औषधी पाण्यासाठी बांधलेल्या एका बंद पडलेल्या विश्रामस्थळाच्या जागेत. त्याच्या नावात आधी ‘असायलम’ होते. पुढे १८७३ मध्ये ते बदलून ‘होम’ झाले. तिथे राहायला, जेवायला, मरायला जागा होती. आजच्या अर्थाने रुग्णालय नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर विषारी वायूने फुप्फुसे गेलेली, क्षयाने पोखरलेली, मनाने कोसळलेली माणसे परत आली तेव्हा रुग्णालये लागली. १९२१ मध्ये वेटरन्स ब्यूरो निघाला आणि त्याचा पहिला प्रमुख चार्ल्स फोर्ब्ज याने रुग्णालय बांधणीचे ठेके आणि मेरिलँडमधल्या पेरीव्हिल गोदामातला माल मर्जीतल्यांना देऊन तो धुऊन काढला. १९२५ मध्ये त्याला शिक्षा झाली. सरकारी रुग्णालयांच्या इतिहासातला हा पहिला मोठा घोटाळा सरकार आणि ठेकेदार यांच्या मधल्या दारात घडला होता. कार्डवाल्यांनी हे दार आज अधिक रुंद करायला सांगताना त्याला कुलूप कोणते लावणार, तेही सांगायला हवे.

१९३० मध्ये हूव्हरने विखुरलेली कार्यालये एकत्र करून वेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन केले. तरी दुसरे महायुद्ध संपेपर्यंत या व्हीएची रुग्णालये वैद्यकीयदृष्ट्या मागासच होती. डॉक्टर नागरी सेवेच्या यादीतून भरायचे, रुग्णालये विद्यापीठांपासून दूर बांधलेली, संशोधन नावालाही नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे कारभार आला. त्यांच्यासोबत लष्करी डॉक्टर पॉल हॉली आणि शल्यविशारद पॉल मॅग्नसन होते. जानेवारी १९४६ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी वैद्यकीय विभागाला नागरी सेवेच्या भरती-नियमांतून मोकळे करणारा कायदा झाला आणि मग महिनाअखेरीस, ३० तारखेला, वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडणी करणारे धोरणपत्रक क्रमांक दोन निघाले. शिकागोजवळचे हाइन्स रुग्णालय अशा जोडणीचा पहिला मोठा प्रयोग ठरले. महाविद्यालयाने प्राध्यापक आणि शिकाऊ डॉक्टर द्यायचे, व्हीएने रुग्ण, खाटा आणि पगार. आज अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणातला काही काळ व्हीएच्या वॉर्डात जातो, तो या दोन-तीन पानी पत्रकामुळे.

त्यातून काय निघाले? ब्राँक्सच्या व्हीएमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रेडिओइम्युनोअसे शोधले, म्हणजे रक्तातले संप्रेरक अतिसूक्ष्म प्रमाणात मोजण्याची रीत. यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले, त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या व्हीएमधल्या अँड्र्यू शॅली यांनाही. बफेलोच्या व्हीएमध्ये १९६० मध्ये शरीरात बसवता येणारा पेसमेकर रुग्णांना लावला गेला. पण मला या सगळ्यांत एडवर्ड फ्राइस यांची रक्तदाबाची चाचणी महत्त्वाची वाटते. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, काहींना औषध, काहींना साखरेची गोळी; निष्कर्ष १९६७ मध्ये. मग ९० ते ११४ दाबाचे ३८० पुरुष. निष्कर्ष १९७० मध्ये. लक्षणे नसली तरी वाढलेला दाब औषधाने उतरवला तर पक्षाघात आणि हृदय निकामी होणे टळते, हे त्यातून ठरले. ही चाचणी शक्य झाली कारण अनेक शहरांतली रुग्णालये एका व्यवस्थेची होती, नोंदी सारख्या पद्धतीने ठेवत होती आणि रुग्ण वर्षानुवर्षे तिथेच येत होते. कार्ड घेऊन पन्नास दवाखान्यांत पांगलेल्या ३८० माणसांवर ती कशी करणार होतात?

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा, अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सच्या व्हीए रुग्णालयाचा. तो खरा आहे आणि व्हीएच्या समर्थकांनी तो झटकून टाकू नये. २०१४ मध्ये व्हीएच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी तिथल्या २२६ माजी सैनिकांचा नमुना तपासला. पहिल्या भेटीसाठी त्यांना सरासरी ११५ दिवस लागले होते. कागदावर २४ दिवस दाखवले होते. आणखी १,७०० जण कोणत्याच अधिकृत प्रतीक्षा यादीत नव्हते. लबाडीची रीत मामुली होती. नियमानुसार कारकुनाने रुग्णाला विचारून ‘हवी असलेली तारीख’ भरायची आणि तिथपासून दिवस मोजायचे. प्रत्यक्षात तो आधी संगणकावर पहिली मोकळी तारीख शोधायचा, स्क्रीनवर मागे यायचा आणि तीच तारीख ‘हवी असलेली’ म्हणून भरायचा. प्रतीक्षा शून्य दिवस! हे का झाले? वरून चौदा दिवसांचे उद्दिष्ट लादले होते, अधिकाऱ्यांची कामगिरी त्यावर जोखली जात होती, आणि तेवढे डॉक्टर रुग्णालयात नव्हतेच. मे अखेरीस मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला, तो द्यायलाच हवा होता.

पण फीनिक्सवरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहा. बाहेर रांग कमी आहे, असे गृहीत धरले गेले. कुणी मोजले होते? व्हीएची खोटी नोंद पकडता आली, कारण तिथे नोंद ठेवण्याचे बंधन होते आणि ती तपासणारा महानिरीक्षक होता. गल्लीतल्या खासगी त्वचारोगतज्ज्ञाने रुग्णाला अडीच महिन्यांनंतरची तारीख दिली तर त्याची चौकशी कोणती संसदीय समिती करते? नंतर पंधरा मोठ्या शहरी भागांत दोन्हीकडची प्रतीक्षा तुलनेला घेतली गेली. २०१४ मध्ये व्हीए २२.५ दिवस, खासगी १८.७; सांख्यिकीने म्हणावा असा फरक नाही. २०१७ मध्ये व्हीए १७.७, खासगी २९.८. अस्थिरोगाचा अपवाद सोडला तर व्हीए पुढे होते. हे आकडे शहरांचे आहेत. मोंटानातल्या शेतकऱ्याला त्यांनी दिलासा मिळत नाही, हेही मान्य.

त्या शेतकऱ्यासाठीच २०१४ चा चॉइस कायदा आला. तीस दिवसांहून जास्त थांबावे लागत असेल किंवा घर चाळीस मैलांपलीकडे असेल तर बाहेर उपचार. बाहेरच्या उपचारांसाठी दहा अब्ज डॉलर ठेवले, व्हीएची स्वतःची माणसे आणि जागा वाढवायला पाच. अंमलबजावणीत गंमत अशी की चाळीस मैल सुरुवातीला नकाशावर सरळ रेषेने मोजले. मध्ये तलाव असो वा डोंगर, कावळा उडतो तसे. २०१५ मध्ये ते रस्त्याने मोजायचे ठरले. पुढे २०१८ च्या मिशन कायद्याने मैलही गेले आणि गाडीची मिनिटे आली: प्राथमिक व मानसिक उपचारांना तीस मिनिटे, तज्ज्ञासाठी साठ; थांबण्याची मर्यादा अनुक्रमे वीस आणि अठ्ठावीस दिवस. शहरातल्या वाहतुकीच्या कोंडीत तीस मिनिटे म्हणजे किती अंतर, हे कुणालाही कळेल. खेड्यासाठी उघडलेल्या दारातून शहर आत आले. २०१८ ते २०२३ या काळात बाहेरच्या उपचारांवरचा खर्च जवळपास दुप्पट झाला.

बाहेर पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, ते पायरी-पायरीने पाहण्यासारखे आहे. व्हीएचा डॉक्टर सल्ल्याची मागणी नोंदवतो. वेगळे कार्यालय पात्रता तपासून मंजुरी देते. ठेकेदार कंपनीच्या जाळ्यातला डॉक्टर शोधायचा, तो नवे रुग्ण घेतो का विचारायचे, तारीख घ्यायची. तपासणी झाली की त्याचे टिपण परत यायला हवे. ते बहुधा फॅक्सने किंवा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात येते. म्हणजे फाइलमध्ये चित्र लागते, त्यातला पोटॅशियमचा आकडा आलेखात चढत नाही, अ‍ॅलर्जी इशाऱ्यांच्या यादीत जात नाही. बाहेरच्याने तातडीचे औषध दिले तर चौदा दिवसांपुरते बाहेरच्या दुकानातून मिळते, पुढचे व्हीएच्या औषधालयातून, तेही तिथल्या मान्य यादीत असेल तर. मग दोन डॉक्टर, दोन औषधालये, आणि मधल्या फटीत एकाने दिलेली झोपेची गोळी दुसऱ्याने दिलेल्या अफूजन्य वेदनाशामकाला जाऊन मिळते. इथे दोघांपैकी कुणीच नालायक नसतो. संपूर्ण पान मात्र दोघांपैकी कुणासमोरच नसते.

याच्या उलट उदाहरण व्हीएच्या आतच आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या काही प्रोग्रामरांनी, वरिष्ठांच्या नाराजीला न जुमानता, रुग्णालयांसाठी संगणक प्रणाली लिहायला घेतली; तिचीच पुढे ‘व्हिस्टा’ झाली. १९९२ मध्ये टोपिकाच्या व्हीए रुग्णालयातल्या एका नर्सला, भाड्याची गाडी परत करताना कर्मचाऱ्याने बारकोड वाचलेला पाहून, हेच औषधांना का लावू नये असे सुचले. आधी रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा कोड वाचायचा, मग गोळीच्या पाकिटावरचा. औषध, मात्रा, वेळ यांपैकी काही जुळले नाही तर यंत्र अडवते. २००० पर्यंत ही पद्धत सर्व व्हीए रुग्णालयांत गेली. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचे व्हीए रुग्णालय बंद पाडले, तेव्हा विस्थापित रुग्णांच्या नोंदी काही दिवसांत दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांना दिसू लागल्या. त्याच शहरातल्या खासगी दवाखान्यांचे कागद पाण्यात गेले होते.

व्हिस्टा जुनी झाली होती, ती बदलणे भाग होते, हे खरेच. पण बदलीसाठी विकत घेतलेली प्रणाली २०२० मध्ये स्पोकेनच्या व्हीए रुग्णालयात बसवल्यावर डॉक्टरांचे ११,००० हून अधिक आदेश ‘अज्ञात रांग’ नावाच्या कप्प्यात जाऊन पडले. तपासणी मागवली, पत्ता जुळला नाही, प्रणालीने आदेश तिकडे टाकला आणि डॉक्टरला सांगितलेच नाही. महानिरीक्षकांच्या अहवालात त्यामुळे १४९ रुग्णांना इजा झाल्याची नोंद आहे. हे व्हीएच्या व्यवस्थापनाचे अपयश होते, यात शंका नाही. ते पकडले गेले तेही फीनिक्ससारखेच, तपासणारा होता म्हणून.

कार्डवाल्यांचा एक मुद्दा मात्र अमेरिकेत फारसा कुणी मांडत नाही, आणि तो त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत वजनदार आहे: इतर देशांनी आपली सैनिकी रुग्णालये सोडून दिली आणि आकाश कोसळले नाही. ब्रिटनने १९५३ मध्ये निवृत्तिवेतन मंत्रालय मोडले आणि त्याची रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे दिली. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात ती काही राज्यांना दिली, ब्रिस्बेनचे ग्रीनस्लोप्स खासगी कंपनीला विकले आणि माजी सैनिकांना गोल्ड कार्ड दिले. कॅनडाने शेवटचे केंद्रीय सैनिकी रुग्णालय २०१६ मध्ये क्वेबेक प्रांताकडे सोपवले. मग अमेरिकेनेच का अडून बसावे?

कारण त्या तिन्ही देशांत सैनिकाचे रुग्णालय बंद झाले तेव्हा खाली जाळे होते. प्रत्येक नागरिकाला सार्वजनिक आरोग्यसेवा किंवा विमा आधीच मिळत होता. सैनिक एका सार्वजनिक व्यवस्थेतून दुसरीत गेला. अमेरिकेत तो बाजारात जाईल. शिवाय ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात वृद्ध सैनिकांची संख्या आटत चालली होती. व्हीएकडे आज सुमारे ९० लाख नोंदलेले लोक आहेत आणि २०२२ च्या पॅक्ट कायद्याने, उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर गिळलेल्यांना पात्रता दिल्यापासून, ते वाढताहेत. त्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येकाला दर पाच वर्षांनी एकदा तरी विचारायचे असते की, सेवेत कोणत्या विषारी गोष्टींशी संपर्क आला होता? खासगी डॉक्टर धाप लागलेल्या पन्नाशीच्या माणसाला सिगारेटबद्दल विचारतो. ‘कुठे तैनात होतात’ हे विचारण्याची त्याला सवय नसते.

सवयीचा हा फरक मज्जारज्जूच्या इजेत जिवावर बेततो. व्हीएची अशी २५ केंद्रे आहेत. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असतो. तो डोके ठणकतेय, घाम फुटलाय म्हणून सामान्य रुग्णालयाच्या अपघात विभागात गेला आणि दाब १५० भरला, तर तिथे ‘थोडा वाढलाय’ म्हणून त्याला बसवून ठेवतील किंवा दाबाची गोळी देतील. प्रत्यक्षात तो पक्षाघाताच्या उंबरठ्यावर असतो. पहिले काम त्याला उठून बसवणे, पट्टा-मोजे सैल करणे, मग कॅथेटरची नळी कुठे मुडपली वा तुंबली आहे का ते पाहणे, मग आतड्यात मळ अडकलाय का ते. बहुतेक वेळा मूत्राशय मोकळे झाले की दाब उतरतो. या विभागातल्या नर्सला हे झोपेतही येते. वर्षाला असे एक-दोन रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला ते पुस्तकात शोधावे लागते. अंध पुनर्वसन केंद्रे (पहिले हाइन्सला, १९४८ मध्ये), अनेक अवयवांच्या एकत्र इजांसाठीची पाच केंद्रे, यांचीही गोष्ट हीच. बाजार ही केंद्रे उभारत नाही, कारण रुग्ण थोडे, खर्च आयुष्यभराचा.

आणि इथेच पिशवीचा मुद्दा येतो. गुडघ्याचे, मोतीबिंदूचे, हृदयाचे नेहमीचे रुग्ण बाहेर गेले की पैसा त्यांच्याबरोबर जातो. इमारत, भूलतज्ज्ञ, रात्रपाळीची नर्स, रक्तपेढी यांचा खर्च मागेच राहतो. शस्त्रक्रिया कमी झाल्या की सर्जनचा सराव सुटतो आणि तो निघून जातो. त्याच्याशिवाय दाबव्रणाची शस्त्रक्रिया कोण करणार? मज्जारज्जू केंद्राला कुणी कुलूप लावत नाही, ते आधाराविना मोडते. काही गोष्टी बाहेरच घ्याव्यात, वाद नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला दोन तास गाडी हाकायला लावणे क्रूरपणा आहे. बाळंतपणासाठी तर व्हीए बाहेरच पाठवते. पण मंजुरी, फाइल आणि उत्तरदायित्व आत ठेवूनच.

‘तिथे उपचार तरी चांगले होतात का?’ या प्रश्नाला एक नामी उत्तर मिळाले आहे. पासष्टीपुढचे, व्हीए आणि मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी विमा) दोन्हींना पात्र असलेले माजी सैनिक अत्यवस्थ होऊन रुग्णवाहिकेत चढले की कुठे पोहोचतात, हे काही अंशी कोणत्या कंपनीची रुग्णवाहिका आली यावर ठरते. म्हणजे नशिबाने घडवलेला प्रयोगच. अर्थतज्ज्ञांनी त्याचा हिशेब मांडला तेव्हा व्हीएत नेलेल्यांचे अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ४६ टक्क्यांनी कमी निघाले, खर्चही कमी.

आपल्याकडे दोन्ही नमुने शेजारी-शेजारी आहेत. पुण्यात खडकीचे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट (१९१७ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे इथे आलेले), १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र, १९७४ पासून खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांसाठीचे) पुनर्वसन केंद्र. आणि १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे स्वतःचे पॉलिक्लिनिक आणि पुढे यादीवरची खासगी रुग्णालये. ईसीएचएसची तक्रार नेहमी दुसऱ्या टप्प्यावर अडते. सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे) दर खासगी रुग्णालयांना परवडत नाहीत, बिले थकतात, मग यादीवरचे रुग्णालय ‘खाट नाही’ म्हणते, आणि सुभेदारसाहेब रेफरलचा कागद घेऊन दुसऱ्या गावाला निघतात. विमा काढून दिला तर हा दुसरा टप्पाच पहिला होईल. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर टिकत नाहीत ही खरी दुखरी नस आहे. कंत्राटी नेमणुका, तुटपुंजे मानधन, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी कसलेही नाते नाही. यातल्या शेवटच्या दुखण्यावरचे औषध १९४६ च्या त्या पत्रकात लिहून ठेवलेले आहे, आणि पुण्यात तर सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे.